पाकिटावरचं कुंकू

सारसोळे, नेरूळ
१२ जानेवारी २०२५

चंदाताई,

माझं सगळं बदललं तो क्षण मला घड्याळासकट पाठ आहे. ११ जून २०२२, शनिवार, दुपारचे चार वाजून दहा मिनिटं. नेरूळ सेक्टर सहा, तिसरा मजला, रुतिकाच्या घरातला सोफा.

काल तू फोनवर विचारलंस, "शेवटच्या वर्षाला कॉलेज का सोडलंस ते मला एकदा नीट सांग," आणि मी "तुला काय करायचंय" म्हणून फोन कापला. सॉरी. फोनवर माझी सटकते. लिहिताना चिडायला समोर कोणी नसतं, म्हणून हा मेल. तूही मेलवरच लिही. निदान आपण दोघं पूर्ण वाक्यं तरी बोलू.

तर रुतिका. तू तिला नारळी पुनवेच्या फोटोत बघितलंयस, जेट्टीवर, पिवळ्या ओढणीवाली. दोन वर्षं आम्ही एका बेंचवर बसलो. तिच्या बाबांना आमचं कळलं तेव्हा त्यांनी मला घरी बोलावलं. सुधीरकाका म्हणतात सगळे त्यांना. बँकेत आहेत. माणूस आवाज न चढवता बोलतो, ते जास्त लागतं. चहा दिला. मग म्हणाले, "गावठाणातले ना तुम्ही? तुमच्या घरात शिकलंय कोण?"

चार वाजून दहा. समोर भिंतीवर घड्याळ होतं.

मी उठलो आणि निघून आलो. त्यानंतर रुतिका माझ्याशी बोलली नाही. तिच्याच वर्गात तिच्याकडे पाठ करून बसणं मला जमेना. आधी तासांना दांडी, मग परीक्षेला, मग कॉलेजलाच. एवढीच स्टोरी आहे. आता मी डिलिव्हरीचं काम करतो आणि बरा आहे.

तुझं नर्सिंगचं लायसन्स आलं त्या दिवशी माझ्या आईनं गावदेवीला नारळ फोडला. आळीत पेढे वाटले. पेढे मी वाटले, काकीनं नाही. तुझ्या आईनं फक्त ऐकलं, "बरा झाला" म्हणाली आणि पाटी उचलून मार्केटला गेली.

तू सांगितलंस म्हणून तिला विचारलं, कॅनडाला ये म्हणते चंदा, सहा महिने राहा. म्हणाली, "गुडघं दुखतान माजं. इमानात कोन बसल?" रोज सकाळी डोक्यावर पापलेटांची पाटी घेऊन मार्केटपर्यंत चालत जाते तेव्हा गुडघे कुठे असतात काय माहीत.

अंकुर


हॅलिफॅक्स
२६ जानेवारी २०२५

अंकुर,

तुझा मेल तीनदा वाचला. त्या सुधीरकाकांना माझ्याकडून एक कप चहा उधार. गरम. अंगावर.

पण एका प्रश्नावर कोणी कॉलेज सोडतं? मला ते पटत नाही. असो. मी तुला माझी गोष्ट सांगते, कारण घरी मी ती कधी पूर्ण सांगितली नाही. व्हिडिओ कॉलवर मी नेहमी बर्फ दाखवला, स्वतःला नाही.

मी इथे आले २०२१च्या ऑगस्टमध्ये. चार वर्षं नर्सिंग शिकलेली, दोन वर्षं वॉर्ड सांभाळलेली. इथे त्याला काही अर्थ नव्हता. आपल्या युनिव्हर्सिटीनं माझे सगळे मार्क सीलबंद पाकिटात थेट इथल्या नर्सिंगच्या ऑफिसला पाठवायचे, त्यांनी ते तपासायचे, मग परीक्षा, मग लायसन्स. तोपर्यंत मी नर्स नाही. तू ते पाकीट आणलंस, पाठवलंस, आणि ते नाकारलं गेलं, हे तुला माहीतच आहे. दुसरं पाकीट मिळेपर्यंत माझ्या इंग्रजी परीक्षेच्या निकालाची मुदत संपली. ती परत दिली. अर्ध्या मार्कानं नापास. परत दिली.

या सगळ्या काळात मी काय करत होते? सकाळी मासे साफ करायच्या कारखान्यात. हस! मासळीच्या वासातून सुटायचं म्हणून नर्सिंगला गेले आणि एवढं अंतर कापून पुन्हा मासळीच कापायला उभी राहिले. सुपरवायझर माझा सुरीवरचा हात बघून म्हणाला, "आधी कुठल्या फॅक्टरीत होतीस?" म्हटलं, आईच्या.

संध्याकाळी वृद्धाश्रमात मदतनीस. म्हाताऱ्यांना भरवायचं, धुवायचं, कूस बदलायची. एकदा बसमध्ये इतकी झोपले की शेवटच्या स्टॉपवर ड्रायव्हरनं उठवलं आणि त्याच बसनं परत आणलं. २०२३च्या फेब्रुवारीत बाबा गेले. मला रजा नव्हती. कारखान्याच्या बाथरूममध्ये उभी राहून मी फोनवर बाबांना बघितलं. तू फोन धरला होतास. तुझा हात हलत होता.

लायसन्स आल्यावर मोठ्या हॉस्पिटलनं बोलावलं. मी नाही म्हटलं. वृद्धाश्रमातच राहिले, आता नर्स म्हणून. सगळे म्हणाले वेडी आहे. तिथे वॉल्टर नावाचा एक म्हातारा आहे, आयुष्यभर बोटीवर होता. बायकोचं नाव विसरलाय, पण दोरी हातात दिली की जाळ्याची गाठ बरोबर मारतो. मीही मारते, बाबांनी शिकवलेली. दोन्ही गाठी वेगळ्या आहेत. तो माझी सोडवतो, मी त्याची. त्या वेळात त्याचं ब्लडप्रेशर बघून होतं. हे काम माझं आहे असं मला पहिल्यांदा तिथे वाटलं.

आठवड्याला चार दिवस काम करते. पाचव्या दिवशी बोलावलं तर जात नाही. नाही म्हणायला शिकायला मला दोन वर्षं लागली. आणि रविवारी पोहायला शिकते. कोळ्याची पोर आणि एकतिसाव्या वर्षी पोहायला शिकते! आपल्या जेट्टीवरून पोरं उड्या मारायची तेव्हा आम्हा मुलींना कपडे सांभाळायला बसवायचे.

आता दोन गोष्टी. एक, तू इथे ये. इथल्या कॉलेजात रुग्णवाहिकेवर काम करायचा कोर्स आहे. तुझ्या घाई करायच्या स्वभावाला तिथे पगार मिळेल. फॉर्म मी भरते.

दोन, आईचं काय आहे? गुडघ्याचं मला सांगू नकोस. दर वर्षी माझ्यासाठी सुकटीची चटणी येते ती तुझ्या आईच्या हातची असते. आईची चव मला कळत नाही का? ती माझ्या डब्याला हातच लावत नाही. का? तू बाजूच्याच घरात राहतोस. बघून सांग.

चंदाताई


सारसोळे
९ फेब्रुवारी २०२५

चंदाताई,

बघितलं.

काल दुपारी काकी ओट्यावर बोंबील निवडत बसली होती. मी बाजूला बसलो. म्हटलं, "काकी, ताईला डबा जातो त्यात तुझं काहीच का नसतं?"

"तुजी आय चांगला करतं."

"ते सोड. तू का नाही करत?"

तिनं हातातला बोंबील खाली ठेवला. मग म्हणाली, "मी हात लावला का तिचा काम बिघडतं. त्या पाकिटाला कुंकू लावला, काय झाला? पोरीची दोन वरसां गेली. बापाला शेवटचा बगाला नाय भेटला. आता तिचा बरा चाललाय तं मी कशाला जाऊ तिकरं? माजं पाय लागतील नि परत कायतरी व्हईल."

मग मला म्हणाली, "तुना चाय टाकू?"

तर असं आहे. जुनं काहीतरी डोक्यात धरून बसलीय. बायका धरतात. तू फोनवर तिला सांग की तो विषय संपला, झालं गेलं. तुझं ऐकेल.

फॉर्म भरू नकोस. मला तुझे उपकार नकोत. म्हणजे मला नको आहेत, कोणाचेच. रागाने नाही लिहीत. बरं, थोडं रागानेच लिहितोय.

रुतिकाचं लग्न ठरलंय. शौनक नावाचा कोणी पुण्याचा आहे. मला कोणी सांगितलं नाही, तिच्या वॉचमनकडून कळलं. त्या बिल्डिंगची ऑर्डर आली की मी ती दुसऱ्या कोणाला देत नाही, स्वतः नेतो. अडीच वर्षांत एकदाही तिसऱ्या मजल्याची आली नाही. दर वेळी पाचवा. पाचव्या मजल्यावरचे लोक रोज पिझ्झा खातात ताई.

हसू नकोस.

अंकुर


हॅलिफॅक्स
१६ फेब्रुवारी २०२५

अंकुर,

हसले नाही. तुझा मेल वाचून मी बराच वेळ पोहण्याच्या पिशवीवर डोकं ठेवून बसले होते.

आईच्या डोक्यात ते आपोआप नाही आलं. मी घातलं. ऑक्टोबरमध्ये इथल्या ऑफिसचं पत्र आलं, "पाकीट स्वीकारण्याजोग्या स्थितीत नाही," बस, एवढंच. मी तुला फोन केला, तू म्हणालास काकीनं कुंकू लावलं होतं, त्याचा डाग पसरला असेल. मी लगेच आईला फोन लावला आणि तिला जे बोलले ते मला शब्दासकट आठवतं. "तुझ्या कुंकवानं माझं वर्ष खाल्लं." असं बोलले मी, माझ्या आईला. ती म्हणाली, "चुकला माजा." नंतर कितीतरी वेळा बोललो आम्ही, पण ते वाक्य मी कधी परत घेतलं नाही. मला वाटलं ती विसरली. तुझा मेल आल्यावर काल परत घ्यायचा प्रयत्न केला. ती म्हणाली, "र्‍हाऊ दे बाय, खरा हाय तो खरा हाय." आणि रेंज नाही म्हणून फोन ठेवला. आपल्या घरात रेंज नाही असं कधी झालंय?

आता एक गंमत सांगते, जी मला गंमत वाटेनाशी झालीय. आमच्याकडे नवीन नर्स आलीय, पायल, बडोद्याची. तिचंही पाकीट त्याच ऑफिसला आलं होतं. काल जेवताना मी तिला आईच्या कुंकवाचं सांगितलं तर ती घास तोंडात धरून हसायला लागली. तिच्या आजीनं पाकिटावर अख्खं स्वस्तिक काढलं होतं. चारी ठिपक्यांसकट. वर तांदूळ चिकटवले होते. पाकीट दहा दिवसांत मंजूर.

मग माझं का नाही?

तुला काही आठवतं का? कुरियरवाल्यानं ओलं केलं, कुठे पडलं, काहीही. मी कोणाला बोल लावत नाही. फक्त आईला सांगायला मला काहीतरी खरं हवं आहे.

चंदाताई


सारसोळे
३० मार्च २०२५

चंदाताई,

दीड महिना झाला. मधे तुझे दोन छोटे मेल आले, "बरा आहेस ना" म्हणून. बरा नव्हतो. आज पाडवा आहे. सकाळी काकीनं माझ्या आईला गुढी उभारायला हाक मारली आणि स्वतः लांब उभी राहिली. गुढीला हळदकुंकू आईनं लावलं. काकी हात पदरात गुंडाळून बघत होती. मला वाटलं हे आजपुरतं असेल. आईला विचारलं, तर म्हणाली, "काका गेल्यापासून असंच आहे, आपला हात नको म्हणते. तुला आत्ता दिसलं?"

११ जून, चार वाजून दहा. तुला त्यातलं अर्धंच सांगितलं होतं.

आदल्या दिवशी, शुक्रवारी, मी युनिव्हर्सिटीतून तुझं पाकीट आणलं. खिडकीवरच्या माणसानं तीनदा बजावलं, "चिकटवलेल्या जागेवर सही आहे, सहीवर शिक्का आहे. उघडलंत तर रद्दी." संध्याकाळी काकीनं ते एकवीरा आईच्या फोटोपुढे ठेवलं आणि कोपऱ्यात कुंकवाचं बोट टेकवलं. मसुरीएवढं. दादूकाका म्हणाले, "अगं, सायबाचा कागूद हाय तो." काकी म्हणाली, "सायबाला पन आय असंल."

शनिवारी मी कुरियरला निघालो आणि रुतिकाचा फोन आला, बाबा भेटतो म्हणतात, आत्ता ये. पाकीट बॅगेत होतं. तसाच गेलो.

"तुमच्या घरात शिकलंय कोण?"

मी म्हटलं, "माझी बहीण. नर्स आहे. कॅनडात."

ते हसले. मोठ्यानं नाही, नाकातून. म्हणाले, "तिकडे जाऊन सगळ्याच नर्स होतात. आपल्याकडे त्यांना आया म्हणतात."

ताई, मी पाकीट काढलं आणि फाडलं. विचार केलाच नाही. शिक्क्यावरून, सहीवरून, आडवं. आतले कागद काढून त्यांच्या चहाच्या कपाशेजारी आपटले. म्हटलं, "वाचा. फर्स्ट क्लास आहे. चारही वर्षं. वाचा ना!" कपातला चहा बशीत सांडला. त्यांनी वाचलं नाही. कागद नीट जुळवले, माझ्याकडे सरकवले आणि म्हणाले, "बस, एवढंच बघायचं होतं."

मला वाटलं होतं रुतिका माझ्या बाजूनं काहीतरी बोलेल. ती लिफ्टपर्यंत आली. म्हणाली, "ते पाकीट तुझं होतं का अंकुर?"

मी म्हटलं, "त्यांनी ताईला आया म्हटलं!"

"त्यांचं चुकलंच. मी त्यांच्याशी भांडणार आहे. पण तू तिचं पाकीट फाडलंस. उद्या माझं काय काय फाडशील?"

म्हणून ती बोलायची थांबली. सुधीरकाकांमुळे नाही. अडीच वर्षं मी सगळ्यांना सुधीरकाका सांगतोय. त्या बिल्डिंगखाली जाऊन उभा राहतो तेव्हा स्वतःलाही तेच सांगतो.

खाली उतरून मी स्टेशनरीच्या दुकानातून गोंद घेतला. कट्ट्यावर बसून पाकीट चिकटवलं. शिक्क्याचे दोन अर्धे जुळेनात, तांदळाच्या दाण्याएवढी फट राहत होती. सहीचा एक फाटा मी पेनानं ओढून पूर्ण केला. सोमवारी परत जाऊन नवीन पाकीट मागता आलं असतं. पण मग का ते सांगावं लागलं असतं. मी ते तसंच कुरियरला दिलं.

चार महिने रोज वाटायचं, गेलं असेल खपून. तुझा फोन आला आणि तू विचारलंस, "पाकिटाला काही झालं होतं का रे?" माझ्या तोंडातून काकीचं कुंकू आपोआप बाहेर आलं. आधी ठरवलं नव्हतं. पण नंतर परत घेतलंही नाही, आणि परत न घेण्याला रोज सकाळी ठरवावं लागतं ताई. काका आजारी पडले तेव्हा ठरवलं. ते रोज मलाच विचारायचे, "चंदा कवा येतंय रं?" ते गेले तेव्हा फोन मी धरला होता. तू म्हणालीस माझा हात हलत होता. तो दुःखानं नव्हता हलत. मी मनात हिशोब करत होतो की पाकीट मंजूर झालं असतं तर लायसन्स, रजा, आणि तू डिसेंबरात इथे असतीस.

कॉलेज सोडलं ते रुतिकाकडे बघवत नव्हतं म्हणून, हे खरं आहे. पण ती माझ्याकडे बघायची तेव्हा तिला ठाऊक असायचं मी काय केलंय, हे त्याहून खरं आहे. अख्ख्या वर्गात ते तिला एकटीलाच ठाऊक होतं.

माफी मागायची की नाही कळत नाही. मागितली की तुला काहीतरी उत्तर द्यावं लागेल.

अंकुर


हॅलिफॅक्स
२ एप्रिल २०२५

अंकुर,

मेल मिळाला.

तुझ्यावर ओरडायला मी दोनदा फोन हातात घेतला आणि दोनदा ठेवला. तू ऐकून मोकळा झाला असतास.

काही गोष्टी लिहिते. क्रम लावायची ताकद नाही.

माझ्या कामाबद्दल मी तुला इतकं कौतुकानं लिहिलं. वॉल्टर, गाठी, पोहणं. तू ते वाचून मनात एकदा तरी म्हणाला असशील की चला, ताईचं भलंच झालं शेवटी. म्हणू नकोस. इथवर मी पोचले. तुझ्या फाटक्या पाकिटानं नाही पोचवलं. बाबांना बघायचं राहिलं ते राहिलं, त्याच्या बदल्यात मला काही मिळालेलं नाही.

आईला मी जे बोलले ते मी बोलले. तू खोटं सांगितलंस, पण तोंड माझं होतं. ते मी तुझ्या डोक्यावर टाकणार नाही. माझं मी बघेन.

तिथे मला कोणी आया म्हटलं म्हणून तुझं डोकं फिरलं. अरे, मी आयाच होते तेव्हा. तेच काम करत होते आणि नीट करत होते. तुला त्याची लाज वाटली, मला नाही वाटली. तुझ्या भांडणात मी कुठेच नव्हते. हे तुला कळेपर्यंत विचार कर.

माफ करेन की नाही ते मला आज माहीत नाही. फॉर्म मी फाडलेला नाही, भरलेलाही नाही.

आता एकच. आईला हे तू सांगायचं. फोनवर नाही, माझ्यामार्फत नाही, तुझ्या आईमार्फत नाही. तिच्यासमोर बसून. मी सांगितलं तर तिला वाटेल मी तिचं मन राखायला काहीतरी रचलंय. तुझ्या तोंडून आलं तरच ते खरं होईल. रविवारपर्यंत तुला वेळ देते. रविवारी सकाळी मी घरी असते, पोहायला जाणार नाही.

चंदा


सारसोळे
६ एप्रिल २०२५

ताई,

आज तू फोन उचललास त्याच्या आधी काय झालं ते तुला माहीत असायला हवं. काकी सांगणार नाही. म्हणून मीच लिहितो, आत्ताच, विसरायच्या आत नाही, विसरणार नाहीच, पण स्वतःच्या सोयीचं करायच्या आत.

रामनवमी म्हणून आज मासळीचा धंदा बंद. काकी घरात होती. जमिनीवर सुपात सुकट घेऊन बसली होती. दुपारचे चार वाजत आले होते. मी समोर बसलो. सुकट निवडायला हात घातला तर म्हणाली, "तुना नाय जमाचा, र्‍हाऊ दे. काय तोंड सुकलंय तुजा? त्या पोरीचा लगीन हाय म्हनून?"

म्हटलं, "काकी, चंदाताईचं पाकीट परत आलं ते तुझ्या कुंकवानं नाही. मी ते फाडलं होतं."

तिला कळलं नाही. मग सगळं सांगितलं. सोफा, चहा, शिक्का, गोंद. सांगताना दोनदा मला सुधीरकाका काय म्हणाले ते लांबवून सांगावंसं वाटलं. नाही सांगितलं. एका वाक्यात उरकलं.

ती सुकट निवडतच होती. काडी एकीकडे, खडा एकीकडे. मग थांबली.

"म्हंजे कुंकवानं नाय झाला?"

"नाही काकी."

"परत बोल."

"कुंकवानं नाही झालं. मी फाडलं. आणि तुझं नाव सांगितलं."

"परत."

मी तिसऱ्यांदा तेच सांगितलं. तिनं ते होईपर्यंत माझ्या तोंडाकडे बघितलं, मार्केटात गिऱ्हाईक खोटं बोलतंय का बघते ना, तसं.

मग तिनं हात उगारला. हाताला सुकटीचा चुरा होता. तिनं तो हात खाली घेतला, पदराला नीट पुसला, आणि मग मला मारली. कानाखाली. पुसेपर्यंत मला पळता आलं असतं. मी बसून राहिलो.

मी म्हटलं, "अजून मार."

"तुज्या सांगन्यानं नाय मारनार," म्हणाली. "तुना बरा वाटावा म्हनून मी हात दुखवू?"

मग तिनं सूप परत पुढ्यात ओढलं. मला वाटलं झालं. तर तिनं अगदी हळू विचारलं, "तुज्या काकाला ठावं व्हता?"

"नाही."

तेव्हा ती जे बोलली ते तुला लिहायचं की नाही यावर मी तासभर बसलोय. तू म्हणालीस तुला खरं हवं आहे, म्हणून लिहितो.

म्हणाली, "जायाच्या आदल्या दिवशी तो मना बोलला, सगुना, तू मुद्दाम नाय केलास, पोरीच्या भल्यासाठी केलास, मी तुना माफ केला. माजा हात हातात घेऊन बोलला. मी तेवऱ्यावं जगलंय अंकुर. रोज देवाला सांगतंय, माज्या दादूनं मना माफ केला हाय. आता तू सांगतंस का मी कायच केला नव्हता. मंग तो माफी कसली देऊन गेला रं?"

मी खाली सुपाकडे बघत राहिलो.

"त्याला पन खोटा सांगून वर पाठवलास तू," म्हणाली. रडली नाही. ती रडली असती तर मला काहीतरी करता आलं असतं, पाणी आणलं असतं.

सूप बाजूला सारलं, भिंतीला धरून उठली. गुडघे खरंच दुखतात तिचे, ताई. मी आधार द्यायला गेलो तर हात झटकला. मोरीत जाऊन हात धुतले, साबण लावून, दोनदा. परत आली आणि फोन माझ्यापुढे धरला.

"चंदाला लाव. मना तो बर्फाचा नंबर लावता येत नाय."

मी व्हिडिओ लावला. रिंग जात होती. तिनं दुसऱ्या हातानं केस सारखे केले, पदर खांद्यावरून घेतला. तू स्क्रीनवर आलीस, डोळे सुजलेले, मागे खिडकी. मी काही बोलणार तेवढ्यात तिनं फोन माझ्या हातातून घेतला आणि उलटा छातीशी धरला. तुला तेवढा वेळ फक्त काळोख दिसला असेल. त्या काळोखात ती मला म्हणाली, "आता तू जा. मी माज्या पोरीशी बोलनार हाय. नि परत बोलवल्याबिगर येव नको."

"काकी..."

"जा बोललंय ना. दार लावून जा."

आपल्या आळीत दिवसा कोणी दार लावत नाही. काकीचं तर मी लागलेलं कधी बघितलंच नव्हतं, काका गेले त्या दिवशीही नाही. उंबऱ्यात माझ्या चपला काकीच्या चपलांखाली अडकल्या होत्या. त्या सोडवताना मागून तिचा आवाज आला, "हा बाय, बोल," आणि मग तुझा, पण शब्द कळले नाहीत, आणि ते मी ऐकायचेही नव्हते.

मी बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.